दामू केदारीचा दहा वर्षांचा फोन

दामू केदारीने छप्पन्न हजारांचा फोन घेतला तेव्हा आमच्या कॉलनीतल्या अठ्ठावीस घरांपैकी सत्तावीस घरं हसली. अठ्ठाविसावं घर दामूचं स्वतःचं, आणि तिथे त्याची बायको चंद्रभागा भांडी आपटत होती. हसणाऱ्यांत मीही होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी ज्यांना नावं ठेवणार आहे त्यांना तक्रारीला जागा राहणार नाही.

दामू खोपोलीच्या एका कागद कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होता. माणूस बुटका, आवाज मोठा, आणि आपलंच बरोबर हे पाच जणांसमोर सिद्ध करण्याची खोड जन्माची. पण हात मात्र असा की बंद पडलेली वस्तू त्याच्यासमोर ठेवली तर तिलाच लाज वाटावी. कामाची त्याची एक पद्धत होती. मशीन उघडण्याआधी जुन्या पुठ्ठ्यावर तो तिचं चित्र काढायचा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्या चित्रात, जिथला तिथे, टोचून ठेवायचा. पुठ्ठा धरायला चंद्रभागा. नोकरीत असताना सुट्टीच्या दिवशी आणि निवृत्तीनंतर रोज घरी येणारे पंखे, मिक्सर, इस्त्र्या, सगळ्यांचे पुठ्ठे तिनेच धरले. लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर, मुठीवर त्याचा कारखान्यातला टोकन नंबर तापल्या सळईने कोरलेला: चारशे बारा. त्या स्क्रूड्रायव्हरने त्याने आमच्या कॉलनीतलं प्रत्येक घर निदान दोनदा तरी वाचवलं आहे. पैसे कधी घेतले नाहीत, आणि कॉलनीनेही कधी द्यायचा आग्रह केला नाही. फुकट मिळतंय म्हटल्यावर आमची माणसं फार समजूतदार होतात.

मी स्वतः टेलिफोन खात्यात तेहेतीस वर्षं काढली. बी.ए. झाल्या झाल्या चिकटले, ती सुपरवायझर होऊन बाहेर पडले. आमच्या काळ्या फोनच्या तळाला स्क्रू असत. ते काढले की आतलं सगळं दिसे आणि सगळं बदलता येई. एकेक फोन तीस-तीस वर्षं चालला. मधे दोन पिढ्या मेल्या, फोन वाजत राहिला. त्यामुळे हल्लीचे गोंदाने चिकटवलेले, काचेच्या पाठीचे, साबणाच्या वडीसारखे हातातून सटकणारे फोन पाहिले की मला वस्तूपेक्षा घेणाऱ्याचीच कीव येते. तरी दामूला मी हसले. का? तर तो दामू होता म्हणून. दुसरं कारण नाही.

आता तो फोन घ्यायची वेळ का आली ते सांगते. आधीचा फोन त्याने शिळफाट्यावर नरेशच्या दुकानातून घेतला होता. नरेश आमच्याच कॉलनीतला, विमलबाईंचा मुलगा. दुकानात एसी, काउंटरवर खोटं फूल, आणि हप्त्यावर काहीही. चौदाव्या महिन्यात दामूच्या फोनचं चार्जिंगचं भोक ढिलं झालं. दामू दुकानात गेला. मी तिथेच रिचार्जला उभी होते.

नरेश म्हणाला, "काका, ह्याचं काय नाय होत. मागची काच चिकटवलेली असते. उघडायला गेलं की फुटते. नवीन घ्या, जुन्याचे आठशे देतो."

"उघडत नाय म्हंजे?" दामूने विचारलं. "बनवला तवा उघडाच हुता ना?"

नरेश हसला. गिऱ्हाईक खरं बोलायला लागलं की दुकानदार असाच हसतो.

दामू घरी आला आणि त्याने फोन तव्यावर गरम केला, गोंद सुटावा म्हणून. गोंद सुटला. काचही फुटली. चंद्रभागेने त्या तव्यावर पुन्हा भाकरी भाजायला नकार दिला, म्हणजे तवाही नवा आणावा लागला. ही दामूच्या आयुष्यातली पहिली वस्तू, जी उघडली आणि पुन्हा लागली नाही. तो अपमान त्याने मनाला लावून घेतला. मुलगा मिलिंद ऐरोलीला कंपनीत आहे, त्याच्याकडून कळलं की परदेशात एक फोन मिळतो: पाठीचं झाकण नखाने निघतं, बॅटरी हाताने निघते, बाकीचे भाग साध्या स्क्रूंवर बसवलेले. आपल्याकडे तो विकत नाहीत. मिलिंदचा मित्र जर्मनीला होता, तो येताना घेऊन आला.

नरेशने तो पाहिला आणि कट्ट्यावर सगळ्यांसमोर विचारलं, "काका, ह्यो फोन हाय का टिफिन? झाकण निघतंय!"

"निघतंय म्हणून घेतला रं. तुझा निघत नाय म्हणून तू विकतोस."

"छप्पन्न हजारात माझ्याकडं चार आले असते."

"आन् चारी गेले असते."

हे ठीक होतं. पण दामू कारखान्यातून आलेला. तिथे नवीन मशीन आलं की त्याचे सुटे भाग आधीच मागवून स्टोअरमध्ये कुलपात ठेवायचे, ही शिस्त. म्हणून त्याने त्या छप्पन्न हजारांतच फोनबरोबर दोन जादा बॅटऱ्या, एक स्क्रीन आणि एक चार्जिंगचा भाग मागवला. प्रत्येक भाग मेणकागदात गुंडाळला, सुतळीने बांधला, वर चिठ्ठी लावली आणि सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून माळ्यावर ठेवलं. डब्याला छोटं कुलूप. किल्ली करगोट्याला.

तो डबा त्याने मला मुद्दाम घरी बोलावून दाखवला होता. "ताई, तुमी मशिनरीतल्या. बघा, धा वर्सांची सोय." मी वीजबिल भरायला निघाले होते, रिक्षा उभी होती. "छान, छान," म्हणाले आणि चालू पडले. त्या दोन शब्दांचा मला पुढे पुष्कळ राग आला. त्या डब्यातलं काय टिकणार होतं आणि काय नाही, हे कॉलनीत एकटी मी सांगू शकत होते. पण ऐकून घ्यायला मला वेळ नव्हता. मला कधीच नसतो.

पहिली तीन वर्षं दामूची. दुसऱ्या वर्षी चार्जिंगचा भाग गेला, तो त्याने चहा होईपर्यंत बदलला. तिसऱ्या वर्षी बुद्धपौर्णिमेला विहारात अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला. दामू वाकून त्यात बघत होता, तेवढ्यात खिशातला फोन दगडी पायरीवर पडला. स्क्रीनचं जाळं झालं.

नरेश तिथेच खीर वाढत होता. "काका, आता विसर्जन करा," तो म्हणाला.

दामूने करगोट्याची किल्ली काढून चंद्रभागेकडे दिली. "डबा आन गं. आन् पुठ्ठा." ती दोन्ही घेऊन आली, वर पुटपुटत, "खिरीलासुदिक पुठ्ठा लागतो ह्यांना." तिने पुठ्ठा धरला, त्याने त्यावर फोन काढला, एकेक स्क्रू टोचला, जुनी स्क्रीन उचलली, नवी बसवली. खीर निवायच्या आत फोन सुरू झाला. चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

तिथे थांबला असता तर तो दामू कसला! टाळ्या ऐकून त्याच्या अंगात आलं. त्याने तो चारशे बारा नंबरचा स्क्रूड्रायव्हर वर धरला आणि म्हणाला, "धा वर्सं! घेतल्यापासून धा वर्सं ह्यो फोन माझ्या डब्याच्या जोरावर चालंल. एक दिवस जरी बंद ऱ्हायला, तर ह्यो डायवर पाताळगंगेत टाकीन, आन् पुना कुणाच्या वस्तूला हात लावनार नाय."

"बघा हां काका, सगळे साक्षी हायेत," नरेश म्हणाला.

"साक्षीला काय, लिवून घे."

पुरुषांना अशी विधानं करायला कोण सांगतं, मला कळत नाही. घरातल्या बाईने मीठ आणायला सांगितलं तर विसरतात, पण चाळीस माणसांत बोललेलं मरेपर्यंत धरून बसतात. चंद्रभागा तेव्हाच म्हणाली होती, "धा वर्सं तुमी तरी चालनार हाय का?" कुणी लक्ष दिलं नाही.

पाचव्या वर्षी बॅटरी उतरू लागली. आधी दुपारपर्यंत टिके, मग सकाळच्या चहापर्यंत. दामू खूश. त्याला सुटे भाग वापरायची संधी मिळाली की लग्नघरासारखा आनंद व्हायचा. एका रविवारी फोन उठलाच नाही, तेव्हा त्याने स्वतःहून नरेशला कट्ट्यावर बोलावलं, आणखी दहाबारा जण जमवले, डबा आणला. सुतळी सोडली, मेणकागद उलगडला. नखाने झाकण काढलं, जुनी बॅटरी बाहेर, नवी आत. बटण दाबलं.

काही नाही.

"चार्ज करावी लागंल," तो म्हणाला. कट्ट्यामागच्या घरातून वायर आणली. तासभर सगळे बसले. काही नाही. मग त्याने दुसरा मेणकागद उलगडला. ती बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली होती. ती तर आत बसेचना.

पाच वर्षं माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली, चैत्र-वैशाखाच्या उन्हात, एकदाही चार्ज न करता! बॅटरी म्हणजे काही बेअरिंग नव्हे, की ग्रीस लावून गुंडाळून ठेवलं आणि वीस वर्षांनी बसवलं. ती आतल्या आत उतरत जाते आणि पार उतरली की मरते. आमच्या एक्स्चेंजला बॅटऱ्यांची वेगळी खोली होती. मी सुपरवायझर असताना तिथे रोज माणूस जाऊन बघायचा. मला हे माहीत होतं. पण मी वीजबिल भरायला गेले होते.

नरेशच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: तो हसला नाही. "काका, जाऊ द्या ना," तो म्हणाला. "मस्करीत बोललेलं. नऊ हजारवाला देतो, हप्ता बी नको."

"मस्करीत मी बोललो नव्हतो," दामू म्हणाला.

मी सांगून पाहिलं. "दामू, फोन बंद नाही पडला. बॅटरी गेली. नवी मागव."

"ताई, भाग बंद म्हंजे मशीन बंद. मिलमधे आमी ब्रेकडाऊनच लिवायचो. माझ्याच डब्यातला भाग मेला, तर माझंच ब्रेकडाऊन." तो उठला, घरात गेला, स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आला आणि पुलाकडे चालू लागला.

पॉवरहाऊसचं पाणी सुटलेलं होतं, नदी भरून चालली होती. आम्ही पंधरावीस जण मागे. दामूने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीवरून एकदा अंगठा फिरवला आणि फेकून दिला. लाकडी मूठ असून तरंगला नाही. आमच्यापैकी एकानेही त्याचा हात धरला नाही. तिघांनी मात्र व्हिडिओ काढला. त्यांतल्या दोघांच्या घरचे पंखे दामूच्या कृपेने फिरत होते.

मग कॉलनीची गंमत सुरू झाली. आठवड्याच्या आत एक इस्त्री गेली, दोन पंखे गेले, विहारातला अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा गेला. माणसं नेहमीसारखी दामूच्या दारात वस्तू ठेवून जायची. दामू त्या तशाच परत पाठवायचा. "हात लावनार नाय." शिळफाट्यावर नेलं तर कारागीर अडीचशे मागायचा आणि वर विचारायचा, "एवढा जुना ठेवलाय कशाला?" तेव्हा लोकांना दामूच्या हट्टाचा राग आला. फुकटाचं बंद झालं की माणसाला लगेच दुसऱ्याचे दोष दिसायला लागतात.

दामू दिवसभर ओट्यावर मांडीवर हात ठेवून बसायचा. ते हात पाहवत नसत. छत्तीस वर्षं आणि पुढची बारा, एक दिवस रिकामे न बसलेले हात. आता ते कुणाच्या तरी घरचे पाहुणे आल्यासारखे मांडीवर ठेवलेले. जेवायलाही येत नाही, म्हणून चंद्रभागा माझ्याकडे आली. "ताई, तुमी शिकलेल्या. ह्या माणसाला काय तरी बोला. नायतर मी तरी जाते म्हायेरी." माहेर शेलूला, वय अडुसष्ट, भाऊ वारलेला. तरी म्हणाली.

मी गेले. समजूत घालणं मला जमत नाही, म्हणून सरळ विचारलं, "दामू, तुमच्या मिलमध्ये पाण्याचे पंप किती होते?"

"दोन. एक चालू, एक स्टँडबाय."

"आणि स्टँडबाय वर्षभर तसाच उभा?"

"छ्या! दर सोमवारी फिरवायचा. चालू बंद, बंद चालू. नायतर जाम हुयाचा आन् ऐन टायमाला..." तो थांबला. मग कपाळावर हात मारून घेतला. "आयला! ती स्टोअरची न्हवती. ती स्टँडबायची हुती."

"हो. आणि हे तुला मी पाच वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

"मग का नाय सांगितलं?"

"घाईत होते."

"तुमी नेमीच घाईत असता ताई," तो म्हणाला. त्याच्याशी माझं एकमत झालेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

मिलिंदच्या मित्राकरवी दोन बॅटऱ्या यायला पाच आठवडे लागले. तोवर दामूच्या घरचा गॅस मी माझ्या फोनवरून नोंदवला आणि बँकेच्या कामाला त्याला तासन् तास रांगेत उभं राहावं लागलं. मला लोक अजून विचारतात, "ताई, असा महाग फोन घ्यावा का?" मी सांगते: घ्या, पण आधी विचारा की ह्याची बॅटरी शिळफाट्यावर मिळते का. जर्मनीत मिळत असेल तर तो जर्मनीत दुरुस्त होणारा फोन आहे, खोपोलीत नाही. हे त्या बनवणाऱ्या शहाण्यांना कळत नाही, की कळूनही वळायचं नाही, ते त्यांनाच ठाऊक. बाकी पैसे वाया गेले म्हणाल, तर नाही. त्या पाच वर्षांत आमच्या लेनमधल्या प्रत्येक पोराने तीन-तीन फोन फेकले आणि तिन्हींचे हप्ते भरले. नरेशच्या दुकानाला दुसरा एसी लागला तो काही दामूच्या पैशांतून नव्हे.

बॅटऱ्या आल्या. दामूने नखाने झाकण काढलं. ह्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही आणि फोन स्वतःचाच, म्हणजे शब्दाला बाध नाही, हे त्याने मला दोनदा ऐकवलं. फोन सुरू झाला. दुसऱ्या बॅटरीवर चिठ्ठी: सोमवार. आता दर सोमवारी सकाळी आंघोळ झाली की तो बॅटऱ्यांची अदलाबदल करतो, आणि ते करताना कुणी बोललेलं त्याला चालत नाही.

फोन सुरू झाल्याचं कळताच दुसऱ्या दिवशी नरेशची आई विमलबाई मिक्सर घेऊन हजर. मी ओट्यावरच होते.

"दामूभाऊ, आता फोन चालू झाला ना? मग हात लावायला हरकत नाय."

"शब्द म्हंजे शब्द, वयनी. पाच आठवडे बंद हुता."

"अवो पण चटणी वाटायची हाय. पावने येनार हायेत."

"नरेशला सांगा. नवीन देईल, हप्त्यावर."

विमलबाईंचं तोंड पडलं. त्या मिक्सर उचलणार, तेवढ्यात आतून चंद्रभागा आली. एका हातात साडीच्या खोक्याचा पुठ्ठा, दुसऱ्यात शिलाई मशीनच्या खणातला बोटभर स्क्रूड्रायव्हर. ती ओट्यावर बसली, मिक्सर उलटा केला आणि पुठ्ठ्यावर त्याच्या बुडाचं चित्र काढायला लागली. दामूपेक्षा सुबक.

"तू काय करतीस?" दामूने विचारलं.

"डायवर तुमी टाकला. मी नाय टाकला."

"तुला काय येतंय त्यातलं?"

"अठ्ठेचाळीस वर्सं पुठ्ठा कुनी धरला?"

पहिला स्क्रू निघाला. तिने तो चित्रात टोचला. दुसरा अडला. दामूचे हात मांडीवरून उठले, पुन्हा खाली गेले. "डावीकडं... तसं नाय गं, आधी दाब, मग फिरव," तो म्हणाला. तिने दाबलं, फिरवलं. स्क्रू सुटला. आतून जळलेला कार्बनचा तुकडा निघाला. दामूने सांगितलं तो कुठल्या बरणीत नवा आहे. तिने उठून आणला, बसवला, स्क्रू पुठ्ठ्यावरून एकेक करून परत लावले आणि मिक्सर लावून बघितला. गरगरला.

"बघा, किती सोपं हुतं," असं म्हणून विमलबाई मिक्सर काखोटीला मारून निघाल्या.

"विमलबाय," चंद्रभागा म्हणाली, "शंभर रुपये."

विमलबाई वळल्या. "अगं, दामूभाऊ कदी घ्यायचे नाय."

चंद्रभागेने पदराने स्क्रूड्रायव्हर पुसला. "जे फुकट हुतं ते नदीत गेलं," ती म्हणाली, आणि हात पुढे केला.